वळणावरची किंकाळी

आमच्या गाडीला आवाज होता. तसा तो सगळ्याच गाड्यांना असतो, पण आमच्या गाडीचा आवाज खास तिचा स्वतःचा होता. सकाळी चालू करताना एकदा, कचेरीच्या फाटकात वळताना एकदा आणि संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी वळताना एकदा, अशी ती दिवसातून तीनदा किंचाळायची. ‘कीऽऽऽ’ असा उंच, लांब, शेवटी थोडा थरथरणारा सूर. तो गल्लीभर फिरायचा, वाळत घातलेल्या कपड्यांमधून वाट काढायचा, जिना चढून वर जायचा आणि मग संध्याकाळच्या उजेडात कुठेतरी विरून जायचा. मला तो आवडायचा हे आधीच सांगून टाकतो. कचेरीत दिवसभर माझं कोणी ऐकत नाही. त्यामुळे आपण येतोय हे अख्ख्या गल्लीला कळतंय, ही भावना मला फार सुखाची वाटायची.

मुद्दा असा आहे की (हे माझे ठेवणीतले शब्द आहेत, पुढेही येतील, सांभाळून घ्या) त्या काळात माझं घर आदर्श होतं. मी दार उघडून आत पाऊल टाकायचो तेव्हा गॅसवर चहाचं पाणी नुकतंच उकळायला लागलेलं असायचं. बायको केस नीट बांधून शांतपणे कप पुसत असायची. मुलगी टेबलाशी पुस्तक उघडून बसलेली. आणि सासरे, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो आणि जे सासूबाई गेल्यापासून आमच्याकडेच असतात, ते खिडकीजवळच्या लाकडी स्टुलावर ताठ बसून वर्तमानपत्र वाचत असायचे. समोर माझी आरामखुर्ची मात्र रिकामी. मी नानांना कितीदा म्हटलं, की नाना, तुम्ही खुर्चीत बसा. “छे छे,” ते म्हणायचे, “मला स्टूलच बरं. पाठीला वळण राहतं.” ते स्टूल त्यांनी स्वतःच्या घरून आणलं होतं, आणि नाना वजनाने इतके हलके की ते त्यांच्याखाली कधी कुरकुरलंसुद्धा नाही. मी खुर्चीत बसायचो. खुर्ची बऱ्याचदा गरम लागायची. खिडकी पश्चिमेची आहे, ऊन येत असणार, असं मी समजायचो.

कचेरीत लोक घरच्या कटकटी सांगायला लागले की मी नुसता मंद हसायचो. “शिस्त लावावी लागत नाही,” मी एकदा म्हणालोही, “ती माणसाच्या वावरातून आपोआप येते.” माझ्या शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी त्यावर बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि मग फाईल उघडली.

या सगळ्यात पहिली काडी टाकली ती तळमजल्यावरच्या सल्लागारांनी. त्यांचं हे नाव आम्हीच ठेवलेलं आहे. त्यांच्याकडे स्वतःची गाडी कधीच नव्हती, त्यामुळे गाड्यांबद्दलचं त्यांचं ज्ञान वापरून अजिबात झिजलेलं नव्हतं. एका सकाळी गाडी किंचाळली तसे ते दाढीचा फेस तसाच ठेवून बाहेर आले आणि म्हणाले, “पट्टा आहे तो. इंजिनाचा. सैल झालाय. साबण लावा.”

“कुठला?”

“अंगाचा चालेल. कोरडा घासायचा. माझ्या मेहुण्याच्या गाडीला लावला होता, अजून आवाज नाही.”

मेहुण्याने ती गाडी दुसऱ्याच आठवड्यात विकली होती हे मला नंतर कळलं. मी बायकोचा साबण घेतला, बॉनेट उघडलं आणि जो पट्टा हाताला लागला त्याला मनापासून घासला. दुसऱ्या दिवशी सकाळी हवेत दमट गारवा होता. गाडी चालू केली. ती किंचाळली, आणि मग पुढच्या जाळीतून पांढरा फेस हळूहळू बाहेर आला. सल्लागार आणि गाडी दोघेही एकाच वेळी फेसात समोरासमोर उभे होते, आणि क्षणभर दोघांपैकी कोणाला पाणी द्यावं हे मला कळेना. मग त्यांनी पावडर सुचवली. पावडरीने आवाज गेला नाही, पण गाडी किंचाळताना एक सुगंधी ढग सोडू लागली. तिसरा सल्ला होता पाण्याचा. “समोरच्या त्या बाटलीत पाणी कमी झालं की तापते गाडी. नळाचं पाणी ओता. पाणी ते पाणी.” तेही मी महिनोन्‌महिने निष्ठेने ओतत राहिलो.

घरून मात्र मला विचित्र विरोध होत होता. “राहू द्या ना तो आवाज,” बायको म्हणाली. ही तीच बायको, जिला पंख्याचा आवाजही सहन होत नाही. मुलगी म्हणाली, “बाबा, आवाज गेला तर ही आपलीच गाडी हे कसं कळणार?” आणि नाना, जे माझ्या कुठल्याही बाबतीत कधी तोंड उघडत नाहीत, ते वर्तमानपत्र बाजूला करून म्हणाले, “जावईबापू, जुन्या वस्तूचा एक स्वभाव असतो. तो मारू नये.” मला अगदी भरून आलं. माझ्या गाडीवर घरच्यांचा एवढा जीव असेल असं वाटलं नव्हतं.

पण गाडीला हे माहीत नव्हतं. एका सकाळी, ऐन मोठ्या चौकात, तिने एक अशी किंकाळी फोडली की वाहतुकीच्या पोलिसाने शिट्टी तोंडातून काढली. डॅशबोर्डवर एक लाल दिवा लागला, मग दुसरा. स्टिअरिंग एकदम दगडासारखं जड झालं, आणि बॉनेटच्या फटींमधून वाफ येऊ लागली. मागे रांग लागली. साहेबांची गाडी नेमकी शेजारून गेली. साहेबांनी काच खाली केली, वाफेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, “आज मीटिंग आहे,” म्हणाले आणि काच वर केली. त्यांच्या मदतीचा भाग तिथे संपला.

मी कचेरीत फोन करून रजा टाकली आणि गाडी ओढून नेली ती डॉक्टरांच्या गॅरेजमध्ये. डॉक्टर म्हणजे गॅरेजचा मालक. त्याला सगळे डॉक्टरच म्हणतात आणि त्यालाही आता तसंच वाटतं. तो लगेच गाडीला हात लावत नाही. आधी लांबून बघतो, मग जवळून बघतो, मग इंजिनावर स्क्रू-ड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावतो आणि डोळे मिटून घेतो. तेवढा वेळ सगळं गॅरेज श्वास रोखून उभं असतं.

“आधी कोणाला दाखवलं होतं?” डोळे मिटूनच त्याने विचारलं.

“शेजाऱ्यांना.”

त्याने मान हलवली. या उत्तराची त्याला सवय असावी. मग मी पाणी ओतायचो त्या कूलंटच्या टाकीत त्याने डोकावून पाहिलं. आतलं पाणी गंजून चहासारखं झालं होतं.

“हे काय ओतलंय?”

“पाणी.”

“नळाचं?”

“पिण्याचं!” मी ताठ मानेने म्हणालो. “गाळलेलं.”

“साहेब, ती पीत नाही ते.” मग त्याने इंजिनातली तेल मोजायची पट्टी ओढून काढली, पांढऱ्या फडक्याला पुसली आणि ते फडकं माझ्यासमोर धरलं. काळाकुट्ट डाग. “ऑइल कधी बदललं होतं?”

मी आठवू लागलो. मुलगी तेव्हा खालच्या वर्गात होती एवढं आठवलं.

“आणि ब्रेकचं तेल?”

“ते पण बदलतात?”

 पलीकडे टायर काढत बसलेला माणूस हातातला पाना खाली ठेवून मला बघायला आला. माणसाच्या अब्रूलाही काही सीमा असते. मी आवाज चढवून म्हणालो, “मुद्दा असा आहे की गाडी फारशी चालतच नाही. घर ते कचेरी, कचेरी ते घर. खड्ड्यात घालत नाही, उन्हात ठेवत नाही. सुटीच्या दिवशी तर झाकूनच असते. वापरलंच नाही तर तेल खराब होईल कसं?”

“झाकून ठेवलं म्हणून काय झालं?” डॉक्टर म्हणाला. “ते बसल्या बसल्या म्हातारं होतं. ब्रेकचं तेल तर हवेतलं पाणी ओढून घेतं. एक दिवस उतारावर पाय दाबाल आणि पाय नुसताच खाली जाईल. गाडी आपली चाललीय.” एवढं बोलून त्याने हाताने गाडी चाललीय असं दाखवलं. हात लांबवर, गॅरेजच्या फाटकाबाहेर गेला. कचेरीच्या वाटेवर तसा एक उतार आहे आणि त्याच्या तळाशी मुलीची शाळा आहे.

मग पट्टा. बाहेरचा पट्टा उलटा करून त्याने दाखवला तेव्हा त्याला सगळीकडे भेगा पडलेल्या होत्या. त्यांत बायकोचा साबण अजून होता. “हा किंचाळतो, म्हणून कळतं तरी. आत अजून एक पट्टा आहे. तो कधीच आवाज करत नाही. गपचूप झिजतो. तुटला की इंजिनच घेऊन जातो. तोही बदलावा लागेल, त्याची वेळ कधीच होऊन गेलीय.”

त्याने सगळ्याचा मिळून आकडा सांगितला. मी फोन करून तो बायकोला कळवला. ती म्हणाली, “हा खर्च आहे की कोणाचा फोन नंबर?” फोन चालू ठेवूनच मी डॉक्टरला विचारलं, की यातलं थोडं आत्ता आणि थोडं पुढे असं करता येईल का. ऑपरेशनच्या खोलीबाहेर बोलतात तशा आवाजात तो म्हणाला, “निर्णय तुमचा आहे. इंजिन गेलं तर मग आपण भेटूच.” मी उताराचा विचार केला आणि हो म्हणालो. “पण आवाज राहील ना?” बायकोने फोन ठेवता ठेवता विचारलं. मला वाटलं, खर्चाच्या धक्क्याने ती काहीही बोलतेय.

काम दिवसभराचं होतं. गॅरेजच्या मागे एका झाडाखाली कुठल्यातरी गाडीची काढून ठेवलेली मागची सीट होती, तिच्यावर मी बसलो. समोर फळीवर बाटल्या मांडलेल्या होत्या. हिरवं कूलंट, लाल तेल, मधाच्या रंगाचं तेल, आणि ब्रेकचं ते जवळजवळ रंग नसलेलं. ऊन फिरत गेलं तशी त्यांची रंगीत सावली जमिनीवरून हळूहळू सरकत माझ्या बुटांपर्यंत आली. कुठेतरी हवेचा पंप धापा टाकत होता. मी बुटांवरच्या हिरव्या डागाकडे बघत राहिलो आणि कधी डोळा लागला ते कळलं नाही.

स्वप्नात मी, गॅरेजमध्ये गाडी उचलून ठेवतात त्या लोखंडी घोडीवर आडवा होतो. डॉक्टरने माझा शर्ट बॉनेटसारखा वर केला, माझ्या कानातून एक लांब पट्टी ओढून काढली आणि पांढऱ्या फडक्याला पुसली. “काळं पडलंय,” तो म्हणाला. “शेवटचं कधी बदललं?” मी म्हणालो, “मी फारसा चालतच नाही. घर ते कचेरी, कचेरी ते घर. जपून वापरतो.” बायको, मुलगी आणि नाना बाजूला उभे होते.  शेवटी नाना पुढे झाले, डॉक्टरच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, “बाकी काही बदला, याचा आवाज मात्र काढू नका.” मी दचकून जागा झालो. ऊन उतरलं होतं आणि डॉक्टर समोर उभा राहून किल्ली हलवत होता.

त्या संध्याकाळी मी जी गाडी चालवली ती माझी नव्हतीच. चालू झाली ती कळलीसुद्धा नाही. ब्रेकवर पाय नुसता ठेवला की ती अदबीने थांबायची. रस्ता खालून आपणहून सरकतोय आणि आपण तरंगतोय असं वाटत होतं. गल्लीचं तोंड आलं. सवयीने मी दात आवळले, स्टिअरिंग वळवलं आणि काहीच झालं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला माझी गल्ली ऐकू आली. कोणाच्या तरी घरात कपात चमचा फिरत होता. कोणीतरी शिलाई मशीन चालवत होतं, थांबत होतं, पुन्हा चालवत होतं. वरच्या मजल्यावरून कबुतरं उडाली त्यांच्या पंखांचा फडफडाटही ऐकू आला. मी गाडी जागेवर लावली आणि उगाच थोडा वेळ तसाच बसून राहिलो.

जिन्यात असतानाच हसण्याचा आवाज आला. खदखदून, पोट धरून, एकाचं थांबलं की दुसऱ्याचं सुरू होणारं हसणं. कोणाकडे तरी पाहुणे आलेले दिसतात, मी मनात म्हणालो. एक मजला चढलो, हसणं मोठं झालं. आणखी चढलो. ते माझ्याच दारामागून येत होतं.

मी किल्लीने हळूच दार उघडलं. माझ्या आरामखुर्चीत नाना पसरले होते. पाय टीपॉयवर, पोटावर बिस्किटांचा डबा. बायको त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली होती, केस मोकळे, आणि पदराने डोळे पुसत होती. खोलीच्या मध्यभागी माझी मुलगी माझा जुना कोट घालून, पोटाशी उशी कोंबून, एक खांदा पाडून येरझारा घालत होती. “मुद्दा असा आहे की,” ती माझ्या आवाजात म्हणाली, “टूथपेस्टचं झाकण हा साधा विषय नाही!” नाना इतके हसले की पोटावरचा डबा खडखडला. माणूस म्हणून मला मान्य करावं लागेल, नक्कल उत्तम होती.

मग त्यांनी मला पाहिलं. नाना ताडकन उठले, डबा खाली पडला आणि बिस्किटं जमिनीभर गडगडत गेली. एक माझ्या बुटापाशी येऊन आडवं झालं.

“अहो, तुम्ही!” बायको म्हणाली. “आवाज कसा नाही आला?”

“दुरुस्त झाला,” मी म्हणालो.

मी सरळ जाऊन खुर्चीत बसलो. खुर्ची गरम होती, आणि बाहेर आभाळ भरून आलेलं होतं. कित्येक वर्षं मी उगाच त्या पश्चिमेच्या खिडकीला श्रेय देत होतो.

पुढे सगळं मुलीने सांगितलं, कारण तिला काही पोटात ठेवता येत नाही. वळणावर आवाज आला की आजोबा उठायचे, आई गॅस लावायची, ती पुस्तक उघडायची. “तुम्हाला गाडी लावून, काचा तपासून, कव्हर घालून वर यायला वेळ लागतो ना. तेवढ्यात बरोबर बसतं,” ती म्हणाली. ते माझ्यावर हसत होते याचं मला वाईट वाटलं नाही. म्हणजे वाटलं, पण रात्रीच्या जेवणापर्यंत ते गेलं. मी आत आल्यावर सगळे हसायचे थांबले, ते मात्र जाईना.

दुसऱ्या दिवशी कचेरीच्या फाटकावर मला अडवलं. पहारेकरी रोज माझी गाडी किंचाळली की न बघताच दांडा वर करायचा. आज दांडा खालीच होता. “पास?” त्याने विचारलं. पास काचेला चिकटवलेला होता, पण त्याची मुदत कधीच संपली होती. मला आतल्या खिडकीवर पाठवलं. तिथल्या कारकुनाने पास उलटसुलट करून पाहिला.

“हा तर केव्हाच रद्द झालाय. मग इतके दिवस आत कसे येत होतात?”

“आवाजावर.”

“कसला आवाज?”

“गाडीचा. किंचाळायची. काल दुरुस्त केली.”

“आवाजाची आमच्याकडे नोंद नसते,” कारकून म्हणाला. “नवीन अर्ज करा. विभागप्रमुखाची सही लागेल.”

“विभागप्रमुख मीच आहे.”

“मग तर प्रश्नच नाही. पण तुम्ही आत आहात याचा पुरावा काय? पास नसलेल्या माणसाची सही चालत नाही.” मी ती दुपार स्वतःच्याच कचेरीच्या बाहेर, सावली शोधत काढली. आपण इथे काम करतो की नाही, याबद्दल संध्याकाळपर्यंत माझीही खात्री उरली नव्हती.

पण खरी पंचाईत घरी होती. घरात आता हसू येईना. पूर्वी मी कधी येणार ते कळायचं, आता मी कधीही उगवू शकत होतो. त्यामुळे बायको दुपारपासून केस बांधून बसू लागली, बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर गेला, आणि नानांनी खुर्चीचं नावच सोडलं. “दुपारपासून स्टुलावर असतात,” बायको एकदा हळू आवाजात म्हणाली. “पाठ धरलीय त्यांची. मी तेल चोळून देते तर म्हणतात, जावईबापूंना सांगू नकोस.” मी गेलो आणि म्हणालो, “नाना, तुम्ही खरंच खुर्चीत बसा.” ते म्हणाले, “छे छे, मला स्टूलच बरं.” जावयाच्या घरात राहणाऱ्या माणसाला ‘बसा’ म्हटलं तर तो आणखीच ताठ बसतो. याच्यावर डॉक्टरकडेही औषध नव्हतं. आतला, न बोलणारा पट्टा तो हाच, असं मला वाटू लागलं.

मी वर्दी द्यायचे उपाय सुरू केले. वळणावर हॉर्न वाजवला, तर ‘हॉर्न वाजवू नये’ ही पाटी स्वतःच्या हाताने रंगवणारे सल्लागार खिडकीत आले. जिन्यात खोकू लागलो, तर तेच सल्लागार खोकल्यावर सल्ला घेऊन दारात हजर. शेवटी मी डॉक्टरकडे गेलो आणि खालच्या आवाजात विचारलं, जुना पट्टा परत बसवता येईल का. त्याचा चेहरा लालबुंद झाला. “बऱ्या केलेल्या पेशंटला मी पुन्हा आजारी करत नाही,” तो म्हणाला. त्या पट्ट्याने त्याने फाटक बांधून टाकलं होतं. मी बाहेर पडताना ते उघडलं, तर आवाजसुद्धा झाला नाही.

त्याच संध्याकाळी मला सुचलं. गाडी खाली लावली, काच खाली केली आणि तिथूनच घरी फोन केला. “कचेरीतून आत्ता निघतोय,” मी म्हणालो. “रस्त्यात गर्दी आहे, वेळ लागेल.” मग सीट मागे करून पडून राहिलो. थोडा वेळ वर काहीच नव्हतं. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग डब्याचं झाकण. आणि मग, आमच्या खिडकीतून, ते हसणं खाली आलं. आधी मुलीचं, मग बायकोचं, आणि शेवटी नानांचं, जे मी इतकी वर्षं एका घरात राहून कधी ऐकलं नव्हतं. ते दम लागल्यासारखं, अडखळत हसतात. आभाळाचा रंग बदलत होता, काचेवर एक पान येऊन पडलं होतं, इंजिन गार होताना मंद टकटक करत होतं, आणि मी तिथे पडून माझं घर ऐकत होतो. मला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशीही मी तसंच केलं, आणि मग रोजच.

एके दिवशी नाना दूध आणायला खाली उतरले. पाठीला हात लावून सावकाश चालत ते गाडीजवळून गेले, थांबले, परत मागे आले आणि काचेतून वाकून बघू लागले.

“आत्ता तर फोन आला, की तुम्ही कचेरीतून निघताय.”

“हो,” मी म्हणालो. “निघतोच आहे.”

त्यांनी वर खिडकीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग फेरी मारून पलीकडून आले, दार उघडलं आणि माझ्या शेजारी बसले.  वर मुलगी काहीतरी म्हणाली आणि बायको हसली.

“रोज बसता?” नानांनी विचारलं.

“थोडा वेळ.”

“कशासाठी?”

“तुमची पाठ टेकावी म्हणून.” मग मी खरं ते बोलून टाकलं. “आणि मला ऐकायला आवडतं. मी वर आलो की बंद होतं ना.”

नानांनी पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले, सोडले. “खुर्ची चांगली आहे हो तुमची,” ते म्हणाले. “पाय वर घेतले की डोळाच लागतो.”

“मग बसत जा ना.”

“तुमच्यासमोर? बरं दिसत नाही.”

“मी नसताना बसता की.”

“तेव्हा दिसतच नाही कोणाला.” त्यांनी घसा साफ केला. “ती पोर नक्कल बरी करते. पण खांदा चुकते. डावा पाडते. तुमचा उजवा पडतो. किती वेळा सांगितलं मी तिला.”

मी त्यांच्याकडे वळून पाहिलं. “म्हणजे शिकवता तुम्ही?”

“थोडं मार्गदर्शन,” नाना म्हणाले आणि दार उघडून उतरले. “चला. तुम्हीच दाखवा तिला एकदा.”

आम्ही दोघं वर गेलो. दूध राहिलंच. दार उघडल्याबरोबर बायकोचा हात केसांकडे गेला. मी पुढे झालो. मुलीच्या अंगावरचा कोट काढून घेतला, स्वतः घातला, उशीची गरज नव्हती, आणि उजवा खांदा पाडून खोलीच्या मध्यभागी चालू लागलो. “मुद्दा असा आहे की,” मी म्हणालो, “खांदा हा साधा विषय नाही.”

मुलगी किंचाळली, “आजोबा, उजवाच होता!” आणि बायको भिंतीला टेकून खाली बसली. नानांनी हसता हसता पाठीला हात लावला आणि सवयीने स्टुलाकडे निघाले. पण मी जवळ होतो. मी आधी गेलो आणि स्टुलावर बसलो. नानांना आता खुर्चीशिवाय जागा उरली नव्हती. ते दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवून, जपून, माझ्यासमोर पहिल्यांदाच, तिच्यात टेकू लागले.

त्या स्टुलाला माझ्या वजनाची सवय नव्हती. मी जरा मागे रेललो आणि ते किंचाळलं. ‘कीऽऽऽ’ असा उंच, लांब, शेवटी थोडा थरथरणारा सूर.

बायको गॅसकडे धावली. मुलीने पुस्तक उघडलं. नाना ताडकन उभे राहिले. मग तिघेही जागच्या जागी थांबले आणि माझ्याकडे बघू लागले.

“बसा नाना,” मी म्हणालो. “मी केव्हाच आलोय.”

नाना बसले. पाय मात्र त्यांनी जरा वेळाने वर घेतले.